गोष्ट कोणाची?

दिवाळीच्या फराळाला चकली-करंजीइतकाच आणखी एक पदार्थ लागतो. तो म्हणजे घरातल्या जुन्या गोष्टी. भावंडे, त्यांची मुले, सुना, जावई एकत्र जमले आणि चहाचा दुसरा कप झाला, की कोणीतरी म्हणतेच, "अहो, ती गोष्ट सांगा ना!" गोष्ट सगळ्यांना पाठ असते. कोठे थांबायचे, कोठे हसायचे, हेही वर्षानुवर्षे ठरलेले असते. तरी ती सांगितल्यावाचून दिवाळी पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

आमच्या घरातली अशी गोष्ट म्हणजे आत्याच्या लुगड्याची. आमचे गाव अंबड तालुक्यातले. आज तो तालुका जालना जिल्ह्यात आहे. जालना हा वेगळा जिल्हा झाला १९८१ साली, त्यापूर्वी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतो. १९७२ च्या दुष्काळात साऱ्या मराठवाड्याप्रमाणे आमच्याही गावाची विहीर आटली आणि पीक हातचे गेले. आजोबा बैलजोडी घेऊन चाऱ्याच्या शोधात गेलेले, आजी तापाने अंथरुणाला खिळलेली. सरकारने दुष्काळी कामे काढली होती. कोठे रस्ता, कोठे नालाबांध, कोठे पाझर तलाव. आमच्या शिवाराजवळ खडी फोडण्याचे काम होते. आत्या तेव्हा बारा वर्षांची. पोरीला कामावर कोण घेणार? म्हणून तिने आजीचे लुगडे नेसले, डोक्यावर पदर ओढला, आणि हजेरीवर आजीचे नाव सांगितले. मुकादमाने विचारले, "लेकरं किती?" आत्या ठसक्यात म्हणाली, "दोन!" आणि वळताना लुगड्यात पाय अडकून धपकन पडली.

येथे सगळ्यांनी हसायचे असते. ते दोन लेकरे म्हणजे माझे वडील आणि काका. बारा वर्षांच्या आईची ही दोन मुले पन्नाशी ओलांडल्यावरही दर दिवाळीला पोट धरून हसत. मुकादम कसा बावळट होता, त्याला काहीच कसे कळले नाही, याची नक्कल काका फार बेमालूम करीत. आत्याही हसे, आणि हसत हसत स्वयंपाकघरात चहा टाकायला जाई.

पंधरा वर्षांपूर्वी मी या प्रसंगावर एक विनोदी कथा लिहिली. आत्याचे नाव बदलले, गाव बदलले, दुष्काळ नुसता पाठीमागे ठेवला, आणि मुकादमाला थोडा अधिक बावळट केला. कथा छापून आली, लोकांना आवडली. मी अंक घेऊन मोठ्या ऐटीत आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, अंक मिटून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "नाव बदललंस बाबा, पण लुगडं तर माझंच ठेवलंस की!"

मी काहीतरी सारवासारव केली. मग ती सावकाश म्हणाली, "दोन का म्हणाले, ठाऊक आहे का तुला? आईच्या नावानं उभी होते ना मी. आईला लेकरं तीन. पण मी दोनच सांगितली. मला मोजायचं राहूनच गेलं."

इतकी वर्षे जी गोष्ट ऐकून मी हसलो, जी मी लिहिलीही, ती मला माहीतच नव्हती. त्या कामानंतर आत्या शाळेत परत गेली नाही, हेही मला त्याच दिवशी कळले. ते कोणी लपवले नव्हते. गोष्टीत त्याला जागा नव्हती, इतकेच.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडीत नाही. एखाद्याच्या आयुष्याची गोष्ट कोणाच्या मालकीची? जो जगला त्याच्या, जो सांगतो त्याच्या, की ज्या कुळाची अथवा समाजाची ती असते त्याच्या? शेताला सातबारा असतो, घराला खरेदीखत असते. आठवणींची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही. आणि म्हणूनच त्यांवर ज्याचा आवाज मोठा, त्याचा ताबा बसतो.

या ताब्याची एक जुनी खूण आमच्या जिल्ह्यातच आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथे १६०८ साली सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढची आख्यायिका मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा राहिला, भटजींनी 'सावधान' म्हटले, आणि तो खरोखरच सावध होऊन मंडपातून निसटला. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात आणि श्रोते डोलतात. मीही लहानपणापासून डोलत आलो. पण आत्याच्या त्या वाक्यानंतर हे आख्यान ऐकले, तेव्हा माझे लक्ष प्रथमच अंतरपाटाच्या पलीकडे गेले. तेथे एक मुलगी उभी होती. तिच्या हातातल्या हाराचे काय झाले? त्या रात्री तिच्या आईने तिला काय सांगितले? आख्यायिका तिच्यापाशी थांबत नाही. ती नारायणाबरोबर मंडपाबाहेर पडते आणि टाकळीकडे धावते.

समर्थांच्या थोरवीला यात उणेपणा आणण्याचा माझा हेतू नाही. प्रसंग एकच होता आणि आयुष्ये दोन होती. एका आयुष्याला शिष्य मिळाले, मठ मिळाले, चरित्रकार मिळाले. दुसऱ्याला सांगणारा कोणी मिळाला नाही. आपल्याकडे चरित्रे लिहिण्याची हौस काही कमी नव्हती. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला, तो एका अर्थी संतांच्या आयुष्यांचा मोठा संग्रहच. परंतु भक्ताची गोष्ट सांगताना त्याच्या घरात मागे राहिलेल्या माणसांची गोष्ट ओघानेच यायची, आली तर. क्वचित कोणी स्वतःच सांगायला उभी राही. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई मराठवाड्यातल्याच, वेरुळाजवळच्या देवगावच्या. त्यांनी आपल्या अभंगांत स्वतःचे आयुष्य सांगितले. नवऱ्याचा राग आणि मारसुद्धा सांगितला. सतराव्या शतकातल्या बाईने एवढे धैर्य दाखवले, पण त्या वाटेने पुढे चालणारी पावले बराच काळ विरळच राहिली.

या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला एका लेखिकेची वाट फार शिकवण्याजोगी वाटते. त्या म्हणजे उर्मिला पवार. जन्म १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. वडील शिक्षक, ते लवकर वारले. आई बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणून संसार चालवी. या विणलेल्या जिनसांना तिकडे 'आयदान' म्हणतात. पुढे उर्मिलाबाई मुंबईला आल्या, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, संसार सांभाळून मराठी विषय घेऊन एम.ए. झाल्या, दलित स्त्रियांच्या चळवळीत वावरल्या. गोष्ट सांगण्याचे जे तीन मार्ग आहेत, कल्पित कथा, दुसऱ्यांच्या आयुष्यांची नोंद आणि आत्मकथन, ते तिन्ही त्यांनी चालून पाहिले. 'सहावं बोट' हा त्यांचा कथासंग्रह १९८८ चा. मीनाक्षी मून यांच्यासह लिहिलेले 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ चे. आणि स्वतःचे आयुष्य सांगणारे 'आयदान' २००३ चे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःची कहाणी पुस्तकरूपाने सांगण्यापूर्वी त्यांनी इतर अनेकींची ऐकून घेतली.

पहिला मार्ग कथेचा. तो सर्वांत निर्धोक, असे मला वाटे. नाव बदलले की सुटलो! त्यांची 'कवच' नावाची कथा वाचली आणि हा समज गेला. आंबे विकणारी एक बाई आणि तिचा शाळकरी मुलगा, एवढीच मांडणी. गिऱ्हाइकांचे आडवळणाचे, दुहेरी अर्थाचे बोलणे ऐकून मुलगा शरमतो, आईने बाजाराला जाऊच नये असे त्याला वाटते. आई मात्र आपल्या तिखट जिभेने त्या लोकांना पुरी पडते. ही बाई कोणावरून रचली, हे वाचकाला कळण्याचे कारण नाही. पण वाचून संपल्यावर तिची कीव येत नाही. जे बळ तिचे, ते कथेने तिच्यापाशीच ठेवले आहे. माझ्या कथेत मी नेमके उलटे केले होते. नाव माझ्या मनचे घातले आणि आत्याचे जे होते, म्हणजे तिची शाळा, तिचे न मोजलेपण, ते काढून घेतले. कथाकाराने तपशील खुशाल बदलावेत, पण ज्या दुःखातून कथा निघाली त्याचे वजन बदलू नये. तराजूला हात लावणारा वाणी आणि असा कथाकार यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

दुसरा मार्ग दुसऱ्यांची आयुष्ये त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवण्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत स्त्रिया होत्या, हे सर्वांना ढोबळपणे ठाऊक होते. १९२७ साली महाडला त्या होत्या. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित स्त्रियांची परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा हजारो स्त्रिया जमल्या होत्या. पण त्या कोण होत्या, घरी काय सांगून आल्या, तान्ही मुले कोणापाशी ठेवली, परतल्यावर काय झाले? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ठिकठिकाणी जाऊन या स्त्रियांना भेटल्या, वय झालेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांचे पुस्तक केले. 'आम्हीही इतिहास घडवला' या नावातला 'ही' मला फार बोलका वाटतो. मोजायच्या राहून गेलेल्यांनी आपले बोट वर केले आहे, असा तो 'ही' आहे. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचे नावही असेच. 'माझं जिणं' असे नाव त्यांनी दिले नाही. १९८६ साली पुस्तकरूपाने आले ते 'जिणं आमुचं'.

या मार्गावरची जोखीम निराळी आहे. सांगणारी बाई विश्वासाने सांगते. ऐकणारा शिकलेला असतो, त्याच्या हातात लेखणी असते, आणि पुस्तकावर नाव बहुधा त्याचेच येते. बाईने तीन तास सांगितलेले तो तीन पानांत बसवतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवतो तो, आणि गाळलेले परत कधी मिळत नाही. आमच्या जिल्ह्यात आज असे काम करायचे म्हटले, तर १९७२ ची खडी फोडलेल्या, लाल मिलोच्या भाकरी थापलेल्या आणि सुकडीवर पोरे जगवलेल्या बाया अजून गावोगावी आहेत. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना पक्की झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कायद्याचा इतिहास लिहिलेला आहे. हजेरीपटावरची नावेही कोठेतरी बासनात असतील. पण हजेरीपट तरी सारे खरे सांगतो का? आमच्या घरापुरते बोलायचे तर त्यावर आजीचे नाव असेल, आणि आजी त्या दिवशी कामावर गेलीच नव्हती.

तिसरा मार्ग आत्मकथनाचा, आणि तो सर्वांत अवघड. येथे गोष्ट आपलीच असते, पण तिच्यात आपण एकटे कधीच नसतो. 'आयदान'मध्ये आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांतले नाते उर्मिलाबाईंना दिसते. त्याचबरोबर संसारातली ओढाताण, शिक्षणाला आणि सभा-संमेलनांना घरातून झालेला विरोध, मुलाच्या मृत्यूचे दुःख, हेही त्या लिहितात. यातले कोणते दुःख त्यांचे एकटीचे? मुलगा गेला तो बापाचाही गेला. विरोध करणाऱ्या नवऱ्याची बाजू आता कोणी मांडायची? लेखकाच्या घरात जन्म घेणे वा लग्न होऊन येणे, यासाठी कोणी संमतिपत्र लिहून दिलेले नसते.

म्हणून पुष्कळ भली माणसे म्हणतात की असल्या गोष्टी लिहूच नयेत. घरातले घरात राहावे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा आपल्या वस्तीची लक्तरे चारचौघांत का टांगता, असे विचारणारे त्यांच्या समाजातही निघाले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्यात केवळ भीती नसते, आपल्या माणसांची अब्रू राखण्याची कळकळही असते. पण या आक्षेपाचा लाभ कोणाला होतो, ते पाहिले पाहिजे. बेबी कांबळे आपले लिखाण वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवीत. त्यांच्या पुस्तकात साऱ्या समाजाची दुःखे आहेत, नवऱ्याच्या हातचा मार मात्र स्वतःचा म्हणून फारसा नाही. पुढे मुलाखतीत विचारले गेले, तेव्हा तो त्यांनी सांगितला. समाजाविषयी एवढे निर्भयपणे लिहिणाऱ्या बाईलाही स्वतःविषयी बोलायला कोणी विचारण्याची वाट पाहावी लागली. घरातले घरात राहावे हा नियम सर्वांना सारखा लागू असला, तरी त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याने मारले त्याची अब्रू राहते. जिला लागले तिने गप्प बसायचे असते.

मग करावे काय? बराच विचार करून मी एका साध्या हिशेबापाशी येऊन थांबलो आहे. गोष्टीवर पहिला हक्क तिची किंमत ज्याने मोजली त्याचा. ज्याने सोसले त्याला सांगण्याचा अधिकार आहे, आणि ज्याने सोसायला लावले त्याला तो अधिकार हिरावता येत नाही. उर्मिलाबाईंनी वा बहिणाबाईंनी कोणाची परवानगी मागण्याचे कारण नव्हते. मात्र जो नुसता पाहणारा वा ऐकणारा आहे, माझ्यासारखा पुतण्या, भाचा, शेजारी, पत्रकार किंवा कथालेखक, त्याने परवानगी मागितली पाहिजे. गोष्ट त्याच्याकडे उसनी आलेली असते, आणि शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर परत करताना वाटी शीग लावून द्यावी, ही रीत आपल्या आयांनी आपल्याला शिकवलेली आहे.

या हिशेबाने सारे प्रश्न सुटतात असे नाही. एकाच दुःखाची किंमत दोघांनी मोजली असेल तर काय, हे मला अजून उलगडलेले नाही. गेलेल्या माणसाची परवानगी कोणाकडे मागायची, हेही नाही. अशा वेळी एक कसोटी मी लावून पाहतो. ज्याच्याविषयी लिहिले तो समोरच्या पाटावर बसला आहे, आणि मला हे त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आहे, अशी कल्पना करतो. त्याला ते आवडावे अशी अपेक्षा नसते. तो रागावेल, उठूनही जाईल. पण माझा आवाज जेथे अडखळेल, तेथे मी एक तर खोटे लिहिलेले असते किंवा फुकटचा मोठेपणा मिळवलेला असतो. मंडपातल्या त्या मुलीला समोर बसवून 'सावधान'चे आख्यान सांगायचे असेल, तर कीर्तनकाराला एखादे वाक्य जास्तीचे घालावेच लागेल. तेवढे एक वाक्य पुरे आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आत्याला खरोखरच वाचून दाखवला. तिने आता पासष्टी ओलांडली आहे. ऐकायला थोडे कमी येते, म्हणून मोठ्याने वाचावा लागला. तिचे नाव यात नाही, ते तिनेच ठरवले आहे. शाळेचे लिहिलेले तिला पटले. जांबच्या मुलीचे ऐकताना तिने नुसती मान हलवली. मी थांबल्यावर म्हणाली, "एक चुकलं तुझं. मुकादमाला बावळट म्हणतात आपल्या घरी, तेही तू तसंच ठेवलंस. तो काही बावळट नव्हता. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग पायाकडं पाहिलं. समजलं होतं त्याला. तरी हजेरी लावली. पोरगी म्हणून परत धाडलं असतं, तर त्या दिवशी चूल पेटली नसती."

पन्नासहून अधिक वर्षे आमच्या घरात त्या माणसाला हसण्यात आले होते. काकांची नक्कल, माझी कथा, वाचकांचे हसू, सारे त्याच्या नावावर. त्याची बाजू सांगणारे माणूस एकच होते, आणि त्याला आम्ही कधी विचारले नव्हते.

मी लेख परत घेऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, "काढू नको. तसंच ठेव, अन् खाली हे लिही." म्हणून वर तसेच ठेवले आहे, आणि खाली हे लिहिले आहे.